वन्संना हवी असलेली कृती

बंगळूर, १८ नोव्हेंबर १९६४

वन्सं,

तुमचं कार्ड काल दुपारी मिळालं. वर 'गं. भा. विमला' असं तुमच्या अक्षरात वाचलं आणि खुर्चीवर बसले. गेली सात वर्षं तुमचं अक्षर मला एकाच जागी दिसत आलंय. मी माझ्या श्रीकांतला पाठवलेल्या पाकिटांवर, तिरकं, 'घेण्यास नकार'. अशी चौदा पाकिटं माझ्या ट्रंकेत आहेत. आता तुम्ही होऊन लिहिलंत, तेही नमस्कार घालून, तेव्हा माझाही घ्या.

उमाकांतरावांना ऑगस्टमध्ये हृदयाचा झटका येऊन गेला हे वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. तुमच्या घरात माझ्याशी सरळ बोलणारे तुमचे यजमान एकटेच. डॉक्टरांनी तूप, लोणी, साखर सगळं तोडलं, तेव्हापासून ते अर्ध्या ताटावरून उठतात, सदरे खांद्यावरून ओघळायला लागलेत आणि परवा आपणहून म्हणाले की बंगळूरला नाताळात विमलाने फळांचं ते हलकं काहीतरी केलं होतं, ते मिळालं तर खाईन. एवढं लिहिताना तुमचा टाक दोनदा अडखळलाय. शाईचे डाग पडलेत.

त्याला क्रंबल म्हणतात, वन्सं. तुम्ही त्या रविवारी त्याला दुसरं नाव दिलं होतंत. वाटी नाकाशी नेऊन म्हणाला होतात, "हा भुसा कसला? माझ्या भावाला बैल समजतेस का?" उमाकांतरावांनी मात्र दोनदा मागून घेतलं होतं. जिभेला आठवण असते.

आमच्या घरमालकीण डिक्रूझबाई दर नाताळला ते करायच्या. खाली शिजवलेली फळं, वर लोण्यात चोळलेल्या पिठाचा खमंग चुरा. त्यांच्या क्रंबलमध्ये अर्धा शेर लोणी आणि मापभर साखर असायची. ह्यांना ते इतकं आवडायचं की पुढच्या दारी ओव्हन तापला की हे मागच्या दारी वाटी घेऊन उभे. पण छप्पन साली ह्यांच्या छातीत पहिल्यांदा दुखलं आणि डॉक्टरांनी तेच सगळं बंद केलं, जे आज उमाकांतरावांचं केलंय. मग मी वर्षभर खटपट करून हलकं क्रंबल बसवलं. किती वेळा बिघडलं त्याची गणती नाही. तुम्हांला ते आयतं हवंय. घ्या.

दोन सफरचंदं आणि चार पिकलेले पेरू. पेरूच्या बिया काढायच्या. फोडी करून दोन संत्र्यांच्या रसात मंद आचेवर शिजवा, साखर नको, मूठभर मनुका आणि दालचिनीचा तुकडा टाका. वरच्या चुऱ्याला एक वाटी मैदा, एक वाटी नाचणीचं पीठ, भाजून चुरलेले पातळ पोहे मूठभर आणि सुपारीएवढं लोणी. सगळं एकत्र करून त्यावर तीन-चार चमचे पाणी शिंपडा आणि चांगलं मळून घ्या. मग फळांवर थापा. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून त्यात भांडं ठेवा, झाकणावर निखारे, पाऊण तास.

तुमच्या माहितीसाठी लिहिते. मी आता छावणीतल्या एका नर्सिंग होममध्ये रोग्यांचा स्वयंपाक बघते. बहुतेक हृदयाचे आणि मधुमेहाचे. ज्या बाईने नवऱ्याला उपाशी मारलं असं तुम्ही चार घरी सांगितलंत, तिच्या हातचं खायला इथले डॉक्टर रोगी पाठवतात.

करून बघा आणि कळवा.

विमला

 

बंगळूर, ३० नोव्हेंबर १९६४

वन्सं,

म्हणजे सुरी आत गेली नाही. उमाकांतरावांनी एक घास तोंडात धरला, काढून बशीच्या कडेला ठेवला आणि उठून गॅलरीत जाऊन बसले. तुम्ही लिहिलंय की मी काही सांगायला विसरले असेन. विसरले नाही. चुऱ्यात पाणी घालत नाहीत. पाण्याचा थेंब पडला की त्याची भाकरी होते आणि निखाऱ्याखाली वाळून तिची वीट होते. ते पाणी मी जाणून लिहिलं. लिहिताना मला बरं वाटलं, आणि तुमचं पत्र वाचताना त्याहून बरं वाटलं. दुपारी नर्सिंग होमच्या स्वयंपाकघरात मी हसले, तेव्हा माझ्या हाताखालची गंगव्वा विचारायला लागली, अक्का, लॉटरी लागली काय.

रोग्याला अपाय होईल असं मी काही लिहिलं नव्हतं. एवढं भान मला आहे. तुम्हांला नव्हतं.

आता खरी कृती. ती मिळेल. पण आधी तुम्ही एक पत्र लिहायचंय, मला नाही, श्रीकांतला. तो तुमच्याच घरात राहतो, तरी लिहूनच द्यायचं, तुमच्या अक्षरात, खाली सही. तोंडी सांगितलेलं तुम्ही उद्या फिरवाल.

काय लिहायचं तेही सांगते. चोवीस डिसेंबर सत्तावन्न. उमाकांतराव श्रीकांतला घेऊन लालबागेत फिरायला गेले होते. मी उद्याच्या क्रंबलची फळं आणायला शिवाजीनगरच्या बाजारात गेले होते. घरात तुम्ही आणि हे, दोघंच. नऊच्या सुमारास ह्यांच्या छातीत कळा सुरू झाल्या, घाम फुटला. भिंतीपलीकडे डिक्रूझबाईंना कण्हणं ऐकू आलं. त्या आमच्या दारात आल्या, मोडक्या हिंदीत म्हणाल्या की माझ्याकडे टेलिफोन आहे, डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे राहतो, बोलावते. तुम्ही म्हणालात, "नको, पोटात अन्न नाही म्हणून होतंय, मी दूध देते." आणि दार लावून घेतलंत. दुधात दोन चमचे तूप घातलंत. अर्धा पेला प्यायले ते. साडेदहाला बाई पुन्हा आल्या, तुम्ही दार उघडलं नाहीत. अकराला तुमची किंकाळी त्यांनी ऐकली आणि विचारल्यावाचून फोन केला. डॉक्टर आले तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं.

हे सगळं मला डिक्रूझबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या आता मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेल्या. म्हणजे हे ठाऊक असलेली माणसं आता दोनच, तुम्ही आणि मी. माझ्या तोंडून श्रीकांत विश्वास ठेवणार नाही. तेवढी तजवीज तुम्ही केलेली आहे. म्हणून तुमच्या हातचं हवं.

नाताळ पंचवीस दिवसांवर आलाय. श्रीकांतचं मला पत्र आलं की त्याच टपालाने कृती निघेल.

विमला

 

बंगळूर, ९ डिसेंबर १९६४

वन्सं,

श्रीकांतसाठी म्हणून तुम्ही लिहिलेला मजकूर मिळाला. आधी मी पसंत करावा म्हणून मला पाठवलात. तो सोबत परत पाठवत आहे. नर्सिंग होममधल्या लाल पेन्सिलीने खुणा केल्यात, त्या बघून घ्या.

'काही गैरसमज झाले.' गैरसमज कोणाचा? तुम्हांला समजलं नव्हतं असं काय होतं? एक बाई डॉक्टर बोलावते म्हणाली, तुम्ही नको म्हणालात. हे मराठीत लिहायला चार शब्द लागतात.

'ईश्वराची इच्छा.' हे खोडलंय. ईश्वराने दार लावलं नव्हतं.

'तुझ्या आईच्या पथ्याच्या हट्टाने त्याच्या अंगात ताकद राहिली नव्हती.' ह्यावर मी आडवी रेघ मारली, ती कागद फाटेपर्यंत ओढली गेली. ते तसंच राहू द्या.

तुम्ही लिहिता, उमाकांतरावांच्या कानावर हे गेलं तर त्यांना सोसणार नाही, त्यांचा जीव तुमच्या भावावर, विद्याधरवर होता. मी त्यांना सांगा म्हणून म्हटलेलं नाही. मी श्रीकांतचं म्हटलंय. तो सोळा वर्षांचा आहे. त्याला ऐकायचं वय झालंय. आणि वन्सं, दुसऱ्याच्या हृदयाची एवढी काळजी तुम्हांला वाटते, हे मी पहिल्यांदाच बघतेय.

तेरावा तुम्हांला आठवतो का? मला तुमच्या लुगड्याचा काठसुद्धा आठवतो. पुण्याहून सगळे आले होते. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर चुलत सासरे, दोघे दीर, शेजारचे बेळगावकर, सगळे बसलेले. तुम्ही मध्ये उभं राहून म्हणालात, "वर्षभर माझ्या भावाला भुसा खायला घालून ह्या बाईने मारला. आता पोराला मारायला तिच्याकडे ठेवू?" मी भिंतीला टेकून बसले होते. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. आणि त्याच आठवड्यात श्रीकांत तुमच्याबरोबर गाडीत बसला. त्याच्या हातात मी पेरूची पिशवी दिली होती. ती तुम्ही खिडकीतून हमालाला दिलीत.

तुम्हांला मूल नव्हतं, हे मला कळत होतं. इतर काही बायका देवाला नवस करतात. तुम्ही माझ्या गप्प बसण्यातून मुलगा उचललात.

मी गप्प का बसले, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारू नका.

इथे थंडी पडलीय. शिवाजीनगरात संत्र्यांचे ढीग लागलेत, कूर्गची, पातळ सालीची. सफरचंदं यंदा चांगली आहेत. काल मी आमच्या एका रोग्यासाठी क्रंबल केलं. कृष्णात म्हणून निपाणीकडचे वकील आहेत, तीन आठवडे अंथरुणावर होते. पूर्ण वाटी संपवली आणि चमचा चाटला. उमाकांतरावांनीही चाटला असता.

नवीन कागद घ्या. पुन्हा लिहा. ह्या वेळी मला दाखवू नका, थेट त्याला द्या. 'नको म्हणाले' आणि 'दार लावलं', हे दोन शब्द त्यात नसतील तर त्याच्या पत्रावरून मला कळेलच.

विमला

 

बंगळूर, १७ डिसेंबर १९६४

वन्सं,

श्रीकांतचं पत्र आज आलं. तीनच ओळी. 'आत्याने लिहून दिलेलं वाचलं. मी तेवीस तारखेला सकाळच्या गाडीने बंगळूरला येतो. स्टेशनवर यायची गरज नाही, पत्ता आहे.' वर 'ती. सौ. आईस' असं लिहून 'सौ.' खोडलंय. मला पत्र लिहायची सवय नसलेला मुलगा.

तुम्ही शब्द पाळलात. मी सात वर्षं ह्या दिवसाची चित्रं रंगवली. कधी तुम्ही पायरीवर उभ्या, कधी सगळ्या नातेवाइकांपुढे, दर वेळी तुम्ही रडताय आणि मी कोरडी. आज ते झालं तर मी पोळ्या लाटत होते आणि माझ्याच पोळ्या करपल्या. पण आनंद झाला नाही असं समजू नका. तुम्ही तो कागद त्याच्या हातात देताना तुमचा चेहरा कसा झाला असेल, ते मी दुपारपासून चार वेळा आठवून बघितलं. न बघितलेलंही आठवता येतं.

कृती टपालाने पाठवत नाही. श्रीकांतबरोबर पाठवीन. चार दिवस उशीर होईल. तुम्ही ह्याहून जास्त उशीर केलेला आहे.

विमला

 

बंगळूर, २ जानेवारी १९६५

वन्सं,

श्रीकांत काल दुपारच्या गाडीने निघाला. हे पत्र त्याच्या मागोमाग पोचेल. हे लांबणार आहे.

स्टेशनवर यायची गरज नाही म्हणाला होता, तरी गेले. मी त्याला ओळखलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे नऊ वर्षांचा होता. एक उंच मुलगा होल्डॉल खांद्यावर टाकून समोरून गेला, चार पावलांवर थांबून वळला आणि म्हणाला, तुम्ही विमलाबाई ना. मग त्यालाच कसंतरी झालं. मी म्हटलं, चल, बस येईल. घरापर्यंत आम्ही पुण्याच्या थंडीबद्दल बोललो.

पहिला दिवस त्याने काही विचारलं नाही. ह्यांचा फोटो बघितला, ह्यांचं घड्याळ कानाला लावलं, ते बंद आहे म्हणून ठेवून दिलं. मी कन्नडमध्ये दूधवाल्याशी बोलले की तो दचकायचा. लहानपणी तोच रस्त्यावरच्या पोरांशी कन्नड बोलायचा, आता त्याला 'स्वल्प' म्हणजे थोडं, हेही समजत नाही. मी जेवायला वाढलं, तो नीट जेवला, ताट घासायला मागितलं. मला वाटलं, आता म्हणेल. आता म्हणेल की आई, तुझ्यावर फार अन्याय झाला. खरं सांगते, मी त्या वाक्याची तयारी करून बसले होते.

चोवीसला सकाळी आम्ही दोघं बाजारात जाऊन फळं घेऊन आलो. मी त्याला पाटावर बसवलं, सफरचंद आणि सुरी दिली. तो सोलत होता. मी म्हटलं, तुझ्या आत्याने काय लिहिलं ते दाखवशील का.

त्याने नाही म्हटलं. ते मला लिहिलंय म्हणाला. मग मान वर न करता म्हणाला, "काका चार महिने नीट जेवलेले नाहीत. त्यांना मी उचलून आंघोळीला नेतो. तुला ही कृती ठाऊक होती आणि तू ती अडवून धरलीस."

मी म्हटलं, मला दुसरा मार्ग तुझ्या आत्याने ठेवला नव्हता.

"आणि पहिल्यांदा खोटी पाठवलीस. ते मी केलं होतं आई. आत्याला निखारे जमत नाहीत म्हणून मी केलं होतं. काकांनी घास बाहेर काढला तेव्हा मला वाटलं, माझंच चुकलं."

वन्सं, हे तुम्ही मला कळवलं नव्हतंत. पातेल्यात वाळू घालून, फुंकणीने निखारे फुलवत तुम्ही बसलेल्या, असं मी बघत होते, आणि बघून हसत होते. तिथे हा होता.

मी चुऱ्याचं पीठ पुढे ओढलं. लोणी थंड हवं, बोटांच्या टोकांनीच चोळायचं, तळवा लागू द्यायचा नाही, तळव्याच्या उबेने ते वितळतं. असं त्याला दाखवत राहिले. त्याने हात धुतले आणि माझ्या परातीत हात घातला. बोटं ह्यांच्यासारखी आहेत, टोकाला चपटी. पीठ ओल्या वाळूसारखं मोकळं पडायला लागलं. मग त्याने विचारलं.

"आपण आज बाजारात जाऊन दीड तासात आलो. त्या दिवशी तू साडेआठला गेलीस आणि साडेअकराला आलीस. आत्याने लिहिलंय. तू कुठे होतीस?"

तुम्ही ते लिहिलंत म्हणजे तुमच्याही ते लक्षात होतं. तेराव्याला तुम्ही ते बोलून दाखवलं असतंत तर मी तिथल्या तिथे मेले असते. तुम्ही बोलला नाहीत. का, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी गप्प बसले होते ती ह्यासाठी. दुःखाने नाही, मोठेपणाने तर नाहीच. कोणीतरी विचारेल, तू कुठे होतीस, ह्या भीतीने मी मुलगा जाऊ दिला.

त्याला जे सांगितलं ते तुम्हांलाही सांगते. त्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी तुम्ही माझ्या बोलण्याची नक्कल केलीत. 'स्वल्प साखर घालू का वन्सं', असं माझ्या हेलात म्हणालात, आणि वर, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतली पोर पुण्याच्या घरात आणली की असंच व्हायचं. त्याची मला सवय होती. पण हे हसले. मोठ्याने नाही, कपाच्या आड. वर्षभर ज्यांच्यासाठी नाचणी आणि पेरूत बोटं घातली, ते तुमच्या बोलण्याला हसले. मी पिशवी उचलली आणि निघाले. नऊ वाजून गेले होते तेव्हा फळं घेऊन झाली होती. सरळ घरी आले असते तर पावणेदहाला पोचले असते. मी वाटेत अलसूरला बसमधून उतरले आणि तळ्याच्या काठी दगडी पायऱ्यांवर जाऊन बसले. मनात म्हटलं, बसू देत वाट बघत. बसू देत बहिणीच्या हातचा चहा पीत. एक धोबी कपडे आपटत होता, त्याच्याकडे बघत बसले. पिशवीतला एक पेरू खाल्ला. भूक नव्हती. राग आला की काहीतरी चावावंसं वाटतं. दीड-पावणेदोन तास मी तिथे होते, वन्सं. पावणेदहाला घरी असते तर डॉक्टर दहाच्या आत आला असता.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, डिक्रूझबाईंनासुद्धा नाही. त्यांना बाजारात गर्दी होती असं सांगितलं. मग सात वर्षं तुमच्या दोन तासांकडे बोट दाखवत राहिले, म्हणजे माझ्या दोन तासांकडे कोणाची नजर जायला नको.

श्रीकांतने चुरा फळांवर पसरला, मी सांगितलं तसा, न दाबता. निखारे त्यानेच ठेवले. मी वाट बघत होते की उठून होल्डॉल बांधेल. तो उठला नाही. क्रंबल झालं तेव्हा त्याने आधी चमच्याने कड मोडून बघितली, कुरकुरीत आहे ना ते. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, हे काका खातील. माझ्याबद्दल काही नाही, तुमच्याबद्दल काही नाही. त्यानंतर आठ दिवस तो राहिला. रोज एकदा स्वतः क्रंबल करून बघितलं. तिसऱ्यांदा माझ्याहून चांगलं झालं.

त्याने मला माफ केलं का, ते मला ठाऊक नाही. काल गाडीत बसल्यावर म्हणाला, मेच्या सुट्टीत येईन. मी जपून 'सरी', म्हणजे बरं, एवढंच म्हटलं. तेवढा शब्द त्याला कळला.

आता तुमचं. मी तुम्हांला क्षमा केलेली नाही. तुम्ही दार लावलंत ते माझ्या तळ्याकाठी बसण्याने उघडत नाही. माझा मुलगा तुम्ही सात वर्षं ठेवून घेतलात, त्याची भरपाई तुमच्याकडे नाही आणि माझ्याकडे ती मागण्याची जागाही नाही. कृती मी कागदावर लिहून दिलेली नाही. ती श्रीकांतच्या हातात आहे. तुमच्या घरी ती लागेल तेव्हा तुम्हांला त्याला सांगावं लागेल, आणि तो परात पुढे ओढील तेव्हा त्याला काय आठवेल हे तुम्हांला ठाऊक असेल. मलाही ठाऊक असेल. एवढी शिक्षा आपल्या दोघींना पुरेल असं मला वाटलं होतं, आणि पत्र इथे संपवायचं होतं.

पण निघायच्या आदल्या दिवशी तो दारात बसून बुटांना पॉलिश करत होता. करता करता त्याने विचारलं, "बाबा शेवटी काय बोलले?"

मी म्हटलं, मी नव्हते रे.

तो म्हणाला, ते कळलं, पण नंतर तू आत्याला विचारलं असशीलच. मी म्हटलं, नाही. त्याला ते खरं वाटेना. सात वर्षांत एकदाही नाही? विचारलं असतं तर मान्य करावं लागलं असतं की त्यांच्या उशाशी तुम्ही होता आणि मी नव्हते. तुम्हांला दोष देणं सोपं होतं. तुमच्याकडे काही मागणं मला जमलं नाही.

आता मागते. नऊपासून अकरापर्यंत ते तुमच्याजवळ होते. शुद्धीवर होते, दूध प्यायले, म्हणजे बोललेही असतील. काय बोलले? विमला कुठे आहे असं विचारलं का? त्या हसण्याबद्दल काही म्हणाले का? की मी रागावून गेलेय हे त्यांच्या लक्षातच नव्हतं आणि फळं घेऊन येतेय एवढंच त्यांच्या मनात होतं? डॉक्टर नको असं तुम्ही म्हणालात की ते स्वतः म्हणाले? श्रीकांतच्या पत्रात तुम्ही ते लिहिलंय की नाही, मला ठाऊक नाही. तो दाखवत नाही, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

माझं नाव त्यांनी घेतलं नसेल तर तसं लिहा. काही वाईट बोलले असतील तर तेही लिहा. मला बरं वाटावं म्हणून एक शब्दही घालू नका, आणि मला लागावा म्हणूनही घालू नका. तुम्ही माझ्याकडून त्याच्या बदल्यात जे मागाल ते मी देईन. श्रीकांतला सोडून काहीही.

मी दुपारी दोनला नर्सिंग होममधून घरी येते. पोस्टमन अडीचला येतो. उद्यापासून मी दारातच बसेन.

विमला